पत्ता पक्का करायचा, पण आधी राउटरमध्ये डोकवा

दुकानातल्या उबुंटू लिनक्सच्या मशीनवर हिशेबाचं फोल्डर शेअर केलंय, लाइट गेली-आली की मशीनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलायचा, म्हणून तुम्ही नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलीत १९२.१६८.१.१०५ पक्का लिहिलात. चार दिवस नीट चाललं, आता नेट मधूनच तुटतं. बरोबर?

फाइल बहुतेक ठीक असेल, आकडा चुकलाय. राउटर १०० ते २०० मधले पत्ते आल्यागेल्याला वाटत असेल, तर १०५ कधीतरी कुणाच्या मोबाइललाही जाणार. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! इंदूरला राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात मी यापायी दोन संध्याकाळी केबली बदलत बसलो होतो. मुनीमजींचा फोन वायफायवर आला की बिलाचं मशीन गप्प, हे तिथल्या पोऱ्यानं आधी ओळखलं, मी नंतर.

तेव्हा राउटरच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची, हद्द बघा आणि तिच्या बाहेरचा आकडा घ्या, समजा १९२.१६८.१.२०. त्याहून सोपं म्हणजे तिथेच मशीनच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आकडा राखून ठेवा. मग उबुंटूत काहीच लिहावं लागत नाही. दुकानासाठी मी हेच करतो. राउटर बदलला की मात्र पुन्हा करावं लागतं.

मशीनवरच लिहायचं असेल, तर सर्व्हरच्या उबुंटूत १७.१० पासून हे काम नेटप्लॅनकडे (फाइल वाचून नेटवर्क मांडणारी सोय) आहे. फाइलीत टॅब चालत नाही, स्पेसच द्या. पत्त्यामागे /२४ (नेटवर्कची व्याप्ती) हवंच. जुन्या लेखांतली 'गेटवे४' ओळ आता सोडा, 'रूट्स'खाली डिफॉल्ट मार्ग, म्हणजे राउटरचा पत्ता, द्या. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) विसरलात तर ८.८.८.८ ला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जातो, पण एकही साइट उघडत नाही, आणि माणूस उगाच इंटरनेटवाल्याला फोन करतो. (इथे आकडे मराठीत लिहिलेत, फाइलीत इंग्रजीच टाका, भिया.)

शेवटी बदल थेट लागू करणारं 'नेटप्लॅन अप्लाय' नको, 'सुडो नेटप्लॅन ट्राय' चालवा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. घरून दुकानाच्या मशीनवर बसला असाल, तर याच्याशिवाय हात लावू नका.

फाइलीच्या नावात 'क्लाउड-इनिट' (मशीन सुरू होताना मांडणी आपोआप लिहिणारी सोय) दिसलं, तर तुमचे बदल पुसले जाऊ शकतात. तसं असेल तर इथे सांगा, ते बंद कसं करायचं ते लिहितो.