गिझरला डिजिटल टायमर लावलाय, तरी कधी पाणी गार तर कधी गिझर दिवसभर चालू. ठाण्यातला फ्लॅट, १५ लिटर, २ किलोवॅट. सेटिंग कसं करायचं?

आधी टायमरवरचं रेटिंग, म्हणजे तो किती अँपिअर पेलतो, ते बघा. २ किलोवॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, तेव्हा १६ अँपिअरचाच हवा. ६ किंवा १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर गिझर चालवू नका. रोज तापून प्लास्टिक पिवळं पडतं, पिना काळ्या होतात.

नवा टायमर काही तास चार्ज होऊ द्या, मग टाचणीने रीसेट दाबा. क्लॉकचं बटण धरून वार आणि वेळ लावा. १२ तासांचं घड्याळ असेल तर एएम-पीएम नीट बघा, निम्म्या तक्रारी तिथल्याच. पुढे प्रोग्रॅम १: ऑन ५:४०, ऑफ ६:१०. २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत जायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून अर्धा तास भरपूर झाला. घरात दोघं-तिघं पाठोपाठ आंघोळ करणार असतील तर ऑफ ६:४० ठेवा.

दिवसभर चालू राहण्याचं कारण बहुधा हे: मोड ‘ऑन’वरच राहिलाय. तो आधी ‘ऑफ’वर न्या, मग ‘ऑटो’वर आणा. बऱ्याच टायमरमध्ये ‘ऑन’कडून आलात तर पुढच्या ऑफ वेळेपर्यंत गिझर चालूच राहतो.

वीज गेल्यावर वेळ पुसली जात असेल तर आतली बॅटरी संपलीय. आणि टायमर आहे म्हणून गिझरचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा) किंवा प्रेशर व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) कधीच काढू नका, जिवाशी गाठ आहे.