कारच्या रिमोट किल्लीचा सेल घरी बदलता येतो का? कोडिंग जातं का?

तुम्ही खानापूरहून लिहिलंय की पाच वर्षांच्या गाडीचा रिमोट पूर्वी रस्त्यापलीकडून चालायचा, आता दाराजवळ नेऊन तीन-चारदा दाबावा लागतो. शोरूममध्ये म्हणाले, सेल काढला की कोडिंग, म्हणजे किल्लीची गाडीशी केलेली जुळणी, जाईल, नवीन किल्लीच घ्या. तर सेल घरी बदलता येतो. आणि कोडिंगची भीती मनातून काढून टाका. बहुतेक रिमोटमध्ये कोड चिपच्या कायमच्या मेमरीत असतो, सेल काढल्यानं तो पुसला जात नाही. नवीन किल्लीला हजारो रुपये घालवण्याआधी ५०-१०० रुपयांचा सेल घालून बघा.

पण त्याआधी घरातली दुसरी किल्ली काढा आणि तिनं गाडी उघडून बघा. ती लांबून नीट चालली तर दोष पहिल्या रिमोटचा, आणि बहुधा सेलचाच. दोन्ही चालत नसतील तर गाडीची मोठी बॅटरी आणि फ्यूज तपासा, सेलच्या मागं लागू नका. आणखी एक खूण म्हणजे थंडी. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे रिमोट मुका असतो आणि दुपारी उन्हं आल्यावर परत बोलतो, असं झालं की सेल संपत आलाय समजा. थंडीत हे लिथियमचे सेल आणखी ढिले पडतात.

कुठला सेल लागतो हे दुकानदाराला विचारू नका. किल्ली उघडा आणि जुन्या सेलवर कोरलेला आकडा वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०२५ तेवढाच रुंद, जाडी २.५. २०१६ ची जाडी १.६. तर १६२० हा १६ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड. हे सगळे ३ व्होल्टचे. इथं एक फसगत होते, ती नीट वाचा. मी एकदा बाजारात २०३२ मागितला. तो संपला होता, तर दुकानदार म्हणाला, "दोन २०१६ एकावर एक घाला की ओ, जाडी तीच होते बघा." जाडी खरंच तीच होते, पण व्होल्ट ६ होतात. ३ व्होल्टच्या रिमोटला ६ व्होल्ट दिले तर आतलं सर्किट जळू शकतं, आणि मग मात्र नवीन किल्ली घ्यावीच लागते. काही जुन्या रिमोटमध्ये कंपनीनंच दोन २०१६ घातलेले असतात. तुमच्यातून दोन निघाले तरच दोन घाला. सुटे, एकमेकांवर घासत बरणीत पडलेले सेलही घेऊ नका, कार्डावर बंद असलेलाच घ्या. दुकानात मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असेल तर लावायला सांगा. नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो. जुना २.८ च्या खाली आला असेल तर त्याचं आयुष्य झालं.

आता उघडणं. कडी अडकवायच्या बाजूला कडेला एक बारीक खाच असते. त्यात चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक घाला, पण टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, नाहीतर प्लास्टिकवर ओरखडे येतात. टोक हळूच फिरवा, दोन्ही भाग सुटतील. स्मार्ट किल्ली (खिशात ठेवून बटणानं गाडी सुरू करायची) असेल तर आधी आतली धातूची किल्ली बाहेर ओढा, खाच तिच्याच जागी दिसते. काही किल्ल्यांना बारीक स्क्रू असतो, तो काढल्याशिवाय जोर लावू नका.

किल्ली उघडताना खाली पांढरं फडकं किंवा ताट ठेवाच. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण मी ते केलं नव्हतं. पावसाळ्यातल्या एका रात्री पलंगावर बसून किल्ली उघडली, सेल बदलला, मिटवली. सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. रिमोटनं दार उघडलं, स्टार्टर फिरला, पण इंजिन धरेना, आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहिला. आईला शेजारच्या काकांच्या गाडीतून न्यावं लागलं. संध्याकाळी वाकळ झटकली तेव्हा चिंचोक्यापेक्षाही लहान, काळी, चौकोनी वडी खाली पडली. ती इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप होती. अनेक किल्ल्यांत ती रिमोटच्या सर्किटपासून सुटी, एका खोबणीत नुसती बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. किल्ली फिरवायच्या जागेभोवती एक कॉइल असते, तिच्याकडून चिपला वीज मिळते. म्हणून रिमोट उत्तम चालतो आणि तरी गाडी सुरू होत नाही. ती सापडली नसती तर खरोखरच कोडिंगचा खर्च पडला असता. शोरूमवाल्यांची भीती या एका बाबतीत खरी ठरू शकते.

जुना सेल काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, अधिकची खूण वर आहे की खाली हे नंतर आठवत नाही. सेल लाकडी टूथपिकनं उचला. स्क्रूड्रायव्हरनं उचकटला तर पत्र्याची बारीक पट्टी वाकते आणि नवा सेल ढिला बसतो. नवा सेल कडेनं धरा, चपट्या बाजूला बोटं लागली तर कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीकडं राहणाऱ्यांच्या किल्लीत पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती खोडरबरानं हळूच घासून काढा. कित्येकदा सेल चांगला असतो आणि दोष या पुडीचाच असतो.

मिटवल्यावर गाडीजवळ जाऊन एक-दोनदा बटण दाबा. नाहीच चाललं तर किल्ली घालून ऑन करा, बंद करा, परत दाबा. काही गाड्यांत एवढ्यानं ताळमेळ बसतो. पुढची रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

स्मार्ट किल्लीचा सेल चोर्ला घाटात संपला तरी घाबरू नका. आतल्या धातूच्या किल्लीनं चालकाचं दार उघडा, काही गाड्यांत कुलपाचं भोक हँडलच्या टोपणाखाली लपलेलं असतं. मग ब्रेक दाबून किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. बहुतेक गाड्या अशा सुरू होतात. तुमच्या गाडीत किल्ली नेमकी कुठं टेकवायची हे आज घरीच बघून ठेवा.

जुना सेल खिडकीत, टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. रिमोटला न पुरणाऱ्या सेलमध्येही मुलाची अन्ननलिका भाजण्याइतकी वीज शिल्लक असते, आणि २० मिलिमीटरचा सेल तिथंच अडकतो. दोन तासांत आत खोल जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, ताबडतोब एक्स-रे होईल अशा दवाखान्यात न्या, आणि सेलचं कार्ड सोबत घ्या म्हणजे डॉक्टरांना आकार कळेल. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून डबीत, उंचावर ठेवा. बेळगावला याल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

गाडीचं मॉडेल आणि जुन्या सेलवरचा आकडा खाली लिहा, खाच कुठल्या बाजूला असते ते बघून सांगतो.