वाचक विचारतात : मालवणचे शंख, शर्टाची बटणे

प्रश्न : मालवणहून भोवऱ्याच्या आकाराचे, लाल पट्ट्यांचे शंख आणले. आठवड्यात घरभर वास सुटला. व्हिनेगरमध्ये बुडवले तर रंगही उडाला. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी व्हिनेगर ओतून टाका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लात विरघळणारच. रंग वरच्या थरात असतो म्हणून पहिला तोच जातो. तो परत येत नाही. वर्णनावरून हे ट्रोकस रेडिएटस या समुद्री गोगलगाईचे असावेत, कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर नेहमी दिसणारे.

वास आत कुजणाऱ्या गोगलगाईचा आहे. शंख गार पाण्यात ठेवून मंद आचेवर तापवा, उकळी आल्यावर 5 मिनिटे ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. एकदम उकळत्या पाण्यात टाकले किंवा लगेच नळाखाली धरले तर तडे जातात. तोंडाशी पातळ, तपकिरी, गोल झाकण असते. त्यामागच्या मांसात सेफ्टी पिन अडकवून शंखाच्या वळणाने फिरवत ओढा. सरळ ओढले की मांस तुटते, शेपूट टोकात अडकते आणि वास तिथेच राहतो. तसे झालेच तर शंख पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला, चार-पाच दिवसांनी तोंड खाली करून झटका. (भांडे गच्चीवर ठेवा, घरातले दुसरे कोणी हे सहन करणार नाही.)

नंतर निम्मे ब्लीच, निम्मे पाणी, फक्त अर्धा तास. जास्त वेळ ठेवल्यास रंगाखालचा चमकदार मोतिया थर निस्तेज होतो. शेवटचे पाणी फिल्टरचे घ्या, बोअरच्या जड पाण्याने पांढरा पापुद्रा धरतो. वाळवायचे सावलीत.

रंग गेलेले शंख फेकू नका. 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वरचा थर घासा, चकाकी दिसताच थांबा, मग 800 आणि 1200. कोरडे घासू नका, धूळ फुप्फुसात जाते. संडासचे ॲसिड वापरण्याचा सल्ला मिळेल. एवढ्या लहान शंखाला त्याने भोक पडते, आणि ब्लीच शिल्लक असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : ‘खऱ्या शिंपल्याची’ म्हणून मिळालेली बटणे ओळखायची कशी? शाळेच्या गणवेशाला चालतील का?
— गणवेश शिवणारे, सोलापूर

उत्तर : बटण गालाला लावा : शिंपला गार लागतो आणि गार राहतो, पॉलिएस्टर लगेच कोमट होते. मागची बाजू पाहा. ट्रोकसच्या बटणावर तिथे बऱ्याचदा लालसर किंवा हिरवट रेघा उरतात. खात्री हवी तर मागे ओरखडा काढून व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर शिंपला. अशी बटणे मोठ्या ट्रोकस निलोटिकसपासून कापतात. भारतात तो अंदमान-निकोबारकडे मिळतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणून पुरवठादाराकडे आयातीची कागदपत्रे मागा.

गणवेशाला नकोत. ब्लीचने चमक जाते, इस्त्री थेट टेकली की चिरतात. 18 लाइनचे, म्हणजे साधारण 11.4 मिलिमीटरचे पॉलिएस्टर बटण पुरे.