डोळ्यात वाढ रोखायची आणि पायावर वाढवायची, हे कसे?

वडिलांच्या डोळ्यात वाढ-घटक रोखणारे इंजेक्शन दिले जाते आणि त्यांच्याच पायाच्या जखमेवर वाढ-घटकाचे जेल सुचवले जाते, यात विसंगती नाही का, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकच्या एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि गेल्या वर्षी माझ्याही डाव्या डोळ्यात अशी तीन इंजेक्शने झाली.

दीर्घकाळ चढलेल्या साखरेने डोळ्याच्या पडद्यातल्या काही केशवाहिन्या बंद पडतात आणि ऑक्सिजनला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो; नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारा वाढ-घटक तो हाच. त्याची हाक रास्तच असते. पण तिला ओ देऊन फुटणाऱ्या नव्या वाहिन्या इतक्या कच्च्या असतात की त्यांतून रक्तस्राव होतो, आणि याच प्रथिनामुळे जुन्या वाहिन्याही झिरपू लागतात. पडद्याच्या मध्यभागी पाणी साचले, तेव्हा मला वर्तमानपत्रातली सरळ ओळ मधोमध खचल्यासारखी दिसे. इंजेक्शन हे प्रथिन निष्प्रभ करते, मूळ मधुमेह नाही, म्हणून ते बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावे लागते.

पायाच्या जखमेत उलट घडते: भरून येण्याची प्रक्रियाच रेंगाळते. तिथे पीडीजीएफ हा वेगळा वाढ-घटक पेशींना जखमेकडे बोलावतो. त्याचे जेल अमेरिकेत 1997 साली मंजूर झाले. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला यात नवल वाटणार नाही. तेच जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वनस्पतींचे वाढ-संप्रेरक, फुलोऱ्यात दिले तर घडाची विरळणी होते आणि मणी धरल्यावर त्यात घड बुडवले तर मणी फुगतो.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचे वाढ-संप्रेरक ही मात्र निराळी बाब आहे, जरी नावांमुळे गल्लत होते. ते इन्सुलिनला विरोध करते. बाळंतपणानंतर ही ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या डोळ्यांचा आजार ओसरल्याची नोंद पोल्सेन या डॅनिश डॉक्टरांनी 1953 साली केली आणि पुढे काही वर्षे डोळे वाचवण्यासाठी चक्क ही ग्रंथीच काढून टाकत असत. लेझर आल्यावर तो अघोरी उपाय मागे पडला.

जेल आणण्यापूर्वी वडिलांच्या पायाचा रक्तपुरवठा डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या तपासणीने) तपासून घ्या, कारण रक्तच पोहोचत नसेल तर ते लावून फारसे साधत नाही. त्यांना अलीकडे हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका आला असेल, तर तेही पुढच्या इंजेक्शनआधी नेत्रतज्ज्ञांच्या कानावर घाला.