जर्मनीचा तात्पुरता कागद घेऊन पॅरिसला जाता येईल का?

प्रश्न : मी श्टुटगार्टमध्ये नोकरी करते. डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) संपायच्या तीन आठवडे आधी ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यासाठी, अर्ज केला. व्हिसा आता संपलाय, कार्ड आलेलं नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचा घडीचा कागद दिलाय. त्यावर चार दिवस पॅरिसला जाऊ का? शिवाय जानेवारीत बहिणीच्या लग्नाला मुंबईला जायचंय. तिकीट ॲमस्टरडॅममार्गे काढलंय.

उत्तर : पॅरिस नको. मुंबईला जा, पण तिकीट बदलून घ्या.

आधी त्या कागदाचं पान 3 उघडा. तिथे तीन चौकटी आहेत. खूण तिसऱ्या चौकटीत हवी, म्हणजे जर्मन निवास कायद्याच्या कलम 81, परिच्छेद 4 खाली तुमचा जुना हक्क निर्णय होईपर्यंत चालू धरला जातो. तुम्ही मुदतीत अर्ज केलात, तोही डी व्हिसावर, म्हणून खूण तिथेच असायला हवी. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका. त्या कागदावर परत येता येत नाही. कारकुनाकडून चुकीच्या चौकटीत खूण होऊ शकते, तेव्हा निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

पॅरिसची अडचण वेगळी आहे. डी व्हिसा चालू होता तोवर इतर शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांत) 180 दिवसांत 90 दिवस फिरायची मुभा होती. ती व्हिसाबरोबर संपली. निवास परवान्याच्या पहिल्याच अर्जावर मिळालेले तात्पुरते कागद शेंगेन सीमासंहिता (या देशांचा सीमांविषयीचा सामायिक कायदा) निवास परवान्यात धरत नाही, आणि तुमचा अर्ज पहिलाच आहे (कलम 2, परिच्छेद 16). गाडीत कुणी तपासलं नाही, तरी फ्रान्समध्ये तुम्ही विनापरवाना ठरता. आणि परतताना तपासणी होऊ शकते : सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्याच भू-सीमांवर ती सुरू केली आहे.

ॲमस्टरडॅमचंही तेच. श्टुटगार्टहून निघालात की शेंगेनबाहेर पडण्याची तपासणी ॲमस्टरडॅमला, येताना प्रवेशाची तपासणीही तिथेच, आणि समोर डच अधिकारी. त्यापेक्षा मुंबई–फ्रँकफर्ट थेट या. दुबई किंवा दोहामार्गेही चालेल, फक्त तिथून विमान जर्मनीतच उतरलं पाहिजे.

सोबत मूळ कागद, पासपोर्ट आणि त्यातला संपलेला व्हिसा हवा. फोनमधला फोटो उपयोगाचा नाही. कागदाची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे असू द्या. खरी खोळंब्याची जागा मुंबईचा चेक-इन काउंटर. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून संपलेल्या व्हिसाची तारीख दिसताच तिथली माणसं बिचकतात. कंपनीला आधीच ई-मेल करून लेखी होकार मागवा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

पॅरिसला जाणं टाळताच येत नसेल, तर कार्यालयात कलम 78अ खाली पासपोर्टवर चिकटवायच्या परवान्याची मागणी करा. तो खराखुरा निवास परवाना असतो, त्यावर फ्रान्सला जाता येतं. मात्र तो अपवादात्मक अडचणीतच देतात. सहलीचं कारण सांगून मिळणार नाही.