बिनजोर वजीर

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची. गेल्या रविवारी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा होती. समोरच्यानं जे खेळलं तेच हिनं काळ्यानं दहा चाली खेळलं आणि अकराव्या चालीला वजीर गेला. ‘नक्कल केली की निदान बरोबरी होतेच,’ असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. स्कोअरशीट सोबत पाठवतोय. चुकलं कुठं?
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : चहा थंड झाला, पण डाव मांडून बघितला. पहिल्या सहा चाली ठीक आहेत. सी४-सी५ (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा), दोघांचे दोन्ही घोडे बाहेर, जी-प्यादं एक घर, उंट मोठ्या कर्णावर, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं). या सुरुवातीचं नाव सिमेट्रिकल इंग्लिश. हॉवर्ड स्टॉन्टन या इंग्रज खेळाडूनं १८४३ साली पॅरिसमध्ये फ्रेंच खेळाडू सेंट-आमांविरुद्ध सी४ खेळलं, त्यावरून ‘इंग्लिश’.

सातव्या चालीला पांढऱ्यानं डी४ केलं, हिनं डी५. नक्कल इथून अंगाशी यायला लागली. त्यानं सी५चं प्यादं मारलं, हिनं सी४चं. त्याचा वजीर ए४ला, हिचा ए५ला. त्यानं वजिरानं सी४ घेतलं, हिनं वजिरानं सी५. खरी चूक ही. आता दोन्ही वजीर एकमेकांना चिकटून, दोन्ही बिनजोर, म्हणजे पाठीशी दुसरं मोहरं नाही, आणि चाल त्याची! खासबागेच्या कुस्ती मैदानात दोघं पायाला हात घालायला एकदमच वाकले तरी हात आधी पोचला त्याचाच पट निघतो. मीही उमेदीत असाच एक हत्ती घालवला होता, तो किस्सा इथं नको.

सातव्याला डी५ऐवजी सरळ डी४चं प्यादं घ्यायचं. तो घोड्यानं परत मारेल. आपण घोड्यानं घोडा मारायचा, त्याचा वजीर डी४वर येईल, मग डी६. आता गंमत बघा. आपला एफ६चा घोडा हलला की जी७चा उंट थेट त्या वजिरावर. म्हणून बहुतेक जण वजीर डी३ला मागं घेतात. आपण ए६, हत्ती बी८ करून बी५ची तयारी करायची. पांढऱ्याला जागा जरा जास्त मिळते, तेवढी मिळू दे.

शीटवर वेळही लिहिलाय : दहा चालींना चार मिनिटं! तिला रागावू नका, आठव्या चालीपासून तुम्ही पांढरा घेऊन तिच्याशी खेळा. पुढचाही डाव पाठवा. पोरीचं अक्षर सुरेख आहे.