करोनाच्या साथीत ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक बंधुसंघटनेने नेमके काय केले?

मार्च २०२० मध्ये अमेरिकेत चर्चमधील सामुदायिक उपासना थांबल्या, तेव्हा या संघटनेने ‘एकही शेजारी मागे राहू नये’ अशा आशयाचा उपक्रम सुरू केला. त्याचा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो: आधी स्वतःचे सदस्य आणि त्यांची कुटुंबे, मग आपले धर्मग्राम (म्हणजे स्थानिक चर्चचा भाविक समुदाय), आणि त्यानंतर धर्म न विचारता संपूर्ण परिसर. स्थानिक शाखांनी, ज्यांना तेथे कौन्सिल म्हणतात, वृद्ध व एकाकी सदस्यांना दूरध्वनी करून त्यांची विचारपूस करावी, बाहेर पडू न शकणाऱ्यांना किराणा व औषधे पोहोचवावीत, अन्नपेढ्यांना साहाय्य करावे आणि रक्तसंकलन शिबिरे रद्द होऊ लागल्याने निर्माण झालेला तुटवडा भरून काढण्यास हातभार लावावा, अशी अपेक्षा होती. आर्थिक अडचणीतील धर्मप्रांतांसाठी (म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतील चर्चसमूहांसाठी) १० कोटी डॉलरची कर्जसुविधाही संघटनेने उभी केली.

हे कार्य संघटनेच्या मूळ हेतूशी सुसंगतच होते. फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी १८८२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे तिची स्थापना केली, ती मुख्यतः कमावता पुरुष गेल्यावर त्याची विधवा व मुले उघड्यावर पडू नयेत म्हणून. स्वतः मॅकगिव्हनी १८९० मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळात, न्यूमोनियाने अवघ्या ३८व्या वर्षी निधन पावले. आणि त्यांना ‘धन्यवादित’ (कॅथलिक चर्चमधील संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा विधी झाला तो ३१ ऑक्टोबर २०२० रोजी, पुन्हा एका साथीच्या मध्यावर.